घडीचा चाकू घेताना

शिरूर तालुक्यातल्या कारेगावाहून एका वाचकाचे पत्र आले आहे. गृहस्थ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातात. घरी तीन एकर रान आहे. त्यात कांदा, थोडी लिंबाची झाडे आणि गोठ्यात दोन गाई. शिवाय सुटी मिळाली की मित्रांबरोबर जुन्नरकडच्या गडांवर चढण्याचा नाद. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे : रोज खिशात राहील, शेतात चालेल आणि गडावरही उपयोगी पडेल असा एकच घडीचा चाकू घ्यायचा तर कोणता घ्यावा? मोबाइलवर त्यांनी इतके चाकू पाहिले की, "दादा, डोके गरगरले," असे ते लिहितात.

गरगरायचेच. एकाचे पाते काळे, दुसऱ्याचे नागमोडी, तिसऱ्याला करवतीचे दाते, चौथ्याच्या मुठीत दिवा आणि पाचव्याच्या मुठीत शिटी. जाहिरातीतले लोक तर रोज सकाळी उठून अरण्यातच दात घासतात की काय, असे वाटावे! आपल्या वाचकाला अरण्यात जायचे नाही. त्यांना कारेगावात राहायचे आहे, आणि कारेगाव हे मोठे मजेचे गाव आहे. पुणे–नगर रस्त्याच्या एका अंगाला मोटारी, फ्रीज आणि धुलाईयंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांचा परिसर, दुसऱ्या अंगाला कांद्याची रोपे आणि उसाचे फड. हाकेच्या अंतरावर रांजणगावचा महागणपती. एकच माणूस सकाळी कारखान्याच्या फाटकावर ओळखपत्र दाखवतो आणि संध्याकाळी बांधावर गवत कापतो. तेव्हा चाकूही दोन्ही घरचा पाहुणा शोभेल असाच हवा.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक काम करावे. आठवडाभर आपण काय काय कापतो, याची मनातल्या मनात नोंद ठेवावी. खताच्या गोणीचे शिवलेले तोंड, सुतळी, ठिबकची नळी, पार्सलाची चिकटपट्टी, लिंबू, काकडी, कलमाची काडी, दाव्याची गाठ. गडावर गेलात तर कांदा, टोमॅटो, फार तर दोरी. या यादीत तीन इंचांहून मोठे पाते लागेल असे एकही काम नाही. जे मोठे आहे, ऊस, कडवळ, बाभळीची फांदी, त्याला कोयता आणि विळा पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. लोहाराने गाडीच्या जुन्या पाट्यातून घडवलेल्या कोयत्याशी बरोबरी करील असा घडीचा चाकू जगात कोणी बनवलेला नाही, बनवूही नये. घडीचा चाकू म्हणजे दोन तुकड्यांचे हत्यार; त्याचा सारा भार एका खिळ्यावर. त्याने फांदी तोडू पाहणारा माणूस आठवडाभरात हलते पाते आणि ढिली मूठ घेऊन बसतो.

पाते अडीच ते साडेतीन इंच. हे माप मी पक्के मानतो. मिटलेला चाकू चार बोटांच्या मुठीत मावला आणि विजारीच्या खिशात बसताना मांडीला टोचला नाही, की तो रोज बरोबर राहतो. मोठा चाकू चार दिवस कौतुकाने फिरतो आणि पाचव्या दिवशी कपाटात जातो. आणि ज्या दिवशी गाईच्या पायात दावे गुंतते, तो नेमका सहावा दिवस असतो.

आता खरा मुद्दा. घडीचा चाकू बोट कापतो तो बहुधा धारेच्या तीक्ष्णपणामुळे नव्हे, तर अवेळी मिटल्यामुळे. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते उघडे राहते ते मुठीच्या पाठीतल्या कमानीच्या दाबावर. त्याला खिटी नसते. कापताना धार खाली दाबली जाते तोवर ठीक. पण टोकाने काही टोचायला गेलात, किंवा पाते अडकले म्हणून उलटे ओढलेत, की ते मिटते, आणि मिटताना वाटेत आपली बोटे असतात. म्हणून शेताच्या आणि डोंगराच्या कामाला पाते उघडल्यावर जागी अडकणारा, खिटीचा चाकू घ्यावा. पाठीच्या पट्टीने अडकणारा, मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी आडवी येणारा, किंवा गळ्याशी फिरते कडे असणारा, यांपैकी कोणताही चालेल. मात्र खिटी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. स्वस्त मालातली खिटी ही नाटकातल्या पहारेकऱ्यासारखी असते. उभी असते, पण अडवत नाही. दुकानातच पाते उघडून, बोटे वाटेतून काढून, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दोनचारदा हलकेच आपटून पाहावी. मिटले तर चाकू दुकानदाराला नमस्कारपूर्वक परत करावा.

फिरत्या कड्याची कल्पना फ्रान्समधल्या सव्हाय प्रांतातली. तिथे जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बीच लाकडाच्या मुठीचा एक साधा शेतकरी चाकू बनवला. आकाराप्रमाणे त्याला नुसते आकडे दिले. पुढे १९५५ मध्ये गळ्याशी फिरणारे कडे आले आणि पाते अडकवण्याची सोय झाली. आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. इतका साधा आणि इतका हलका चाकू क्वचित पाहायला मिळतो. पण आपल्या पावसाळ्यात त्याची एक खोड कळते : लाकूड पाणी पिऊन फुगते आणि पाते मुठीत असे काही घट्ट बसते की नखाने निघेना. सव्हायमध्ये जूनमध्ये काय होते ते असो, जुन्नरच्या घाटमाथ्यावर आषाढात लाकडी मुठीचा चाकू म्हणजे रुसलेला जावई. तेल मुरवून ठेवले तर त्रास कमी होतो.

दुसरा प्रसिद्ध चाकू लाल मुठीचा स्विस. त्याची कथा गमतीची आहे. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८८४ मध्ये इबाख गावी आपला कारखाना काढला. १८९१ मध्ये स्विस सैनिकांना चाकू पुरवण्याचे ठरले, तेव्हा पहिली खेप स्वित्झर्लंडात नव्हे, तर जर्मनीतल्या सोलिंगेन शहरी तयार झाली होती, कारण एवढा माल काढण्याची ऐपत त्या वेळी कोणाही स्विस कारखान्यात नव्हती. एल्सेनरने जिद्द धरली, आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी तो हलका, अनेक अवजारांचा चाकू नोंदवला. आईचे नाव व्हिक्टोरिया. ती १९०९ मध्ये वारल्यावर कारखान्याला तिचे नाव दिले, आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' त्याला जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले.

कारखान्यात काम करणाऱ्याला या चाकूचा मोह पडणे स्वाभाविक आहे. कात्री, पेचकस, डबा उघडण्याचा आकडा, चिमटा, सारे एका मुठीत. शिवाय तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. लाल मुठीचा चाकू काढला की लोक "जरा बघू" म्हणून हात पुढे करतात, मागे सरत नाहीत. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. त्याच्या नेहमीच्या, ९१ मिलिमीटर लांबीच्या प्रकाराला खिटी नसते, कमानच असते. आणि अवजारे जितकी जास्त तितकी मूठ जाड. सहा अवजारांचा घ्यावा. तीस अवजारांचा घेतला तर त्यातली चोवीस फक्त पाहुण्यांना दाखवण्यासाठी उघडली जातात. नावाजलेल्या कारखान्यांच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. त्या वाईट दिसत नाहीत, वाईट वागतात.

पोलादाविषयी फार ऐकू येते. आकडे आणि अक्षरे यांची मोठी आतषबाजी असते. आपल्याला दोनच जाती ओळखता आल्या तरी पुरे : गंजणारे आणि सहसा न गंजणारे. गंजणारे म्हणजे साधे कर्बयुक्त पोलाद. त्याला धार लवकर लागते, ती सुरेख लागते, आणि घरच्या निसण्यावर लागते. पण लिंबू कापून तसेच ठेवले तर तासाभरात काळा डाग; कांदा कापून ठेवला तरी तेच. तो डाग म्हणजे गंज नव्हे, त्याने बिघडत काही नाही. तांबूस गंज निराळा. तो पात्याला खातो. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम मिसळलेले असते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना ते पोलाद बनवले, आणि बंदुकीपेक्षा जेवणाच्या टेबलावरच त्याचे नाव झाले. आमच्या वाचकाच्या हातात दिवसातून चार वेळा लिंबू, कांदा, घाम आणि खत येणार. खत हे तर लोखंडाचे वैरीच. त्यांनी बिनगंजाचे पाते घ्यावे, असे माझे मत आहे. लिंबाला टिकेल इतका पुसायचा धीर ज्याच्या अंगी आहे, त्याने खुशाल साधे पोलाद घ्यावे. त्याच्या धारेची चव वेगळी, हे कबूल.

फार कठीण पोलादाच्या मागेही लागू नये. कठीण पात्याची धार पुष्कळ दिवस टिकते खरी, पण दगडावर किंवा हाडावर पडली तर टवका उडतो, आणि बोथट झाल्यावर घरच्या दगडाला ती दाद देत नाही. स्विस चाकूचे पाते मुद्दाम मध्यम कठीण, रॉकवेलच्या मापाने छपन्नच्या आसपास, ठेवतात. सैनिकाला आणि शेतकऱ्याला धार घरी लावता यावी लागते. आणि हो, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दाखवून 'दमास्कस' म्हणून विकतात, ती स्वस्त मालात पुष्कळदा नुसती वर उठवलेली असते. दमास्कसच्या ज्या तलवारींची कीर्ती जगभर झाली, त्यांचे 'वुट्झ' पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जात असे. त्या वैभवाचा आणि मोबाइलवरच्या त्या नक्षीचा संबंध इतकाच की, दोन्ही डोळ्यांना चांगले दिसतात.

कारेगावच्या पत्रात एक वाक्य कंसात घातले आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते लिहितात, गावातली काही मुले खटक्याचे मोठे चाकू मागवतात. कारण विचारले तर म्हणतात, बिबट्या.

बिबट्याचा विषय शिरूर–जुन्नर भागात थट्टेचा राहिलेला नाही. उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले वाढतात आणि माणसे, विशेषतः लहान मुले, जिवाला मुकतात. ज्याच्या दारात हे घडते त्याच्या भीतीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण चाकू हे त्यावरचे उत्तर नव्हे. बिबट्या सांगून येत नाही. तो येतो मागून आणि खाली वाकलेल्यावर. खिशातला चाकू काढून उघडण्याइतकी सवड तो देत नाही, आणि दिली तरी तीन इंच काय, नऊ इंच काय. अंधारात एकट्याने न जाणे, हातात बॅटरी आणि काठी असणे, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणे लावून चालणे, फडाच्या कडेला मुलांना उघड्यावर न बसवणे, यांनी जे साधते त्याच्या शतांशानेही चाकूने साधत नाही. चाकूने एवढेच होते, की भ्यालेल्या मुलाला उगीच धीर येतो आणि तो एकटा जातो.

शिवाय खटक्याच्या चाकूला दुसरा इतिहास चिकटलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू कारागिरीने खरोखर सुरेख; परंतु हिंदी सिनेमाने तो खलनायकाच्या हाती दिला आणि तो तिथेच राहिला. १९६५ च्या 'वक्त' मधला राजकुमार आणि त्याचा तो चाकूवरचा संवाद ज्यांना आठवतो, त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. रामपूरकरांनी मात्र आपल्या कसबाचा अभिमान सोडलेला नाही. २०२३ मध्ये त्यांच्या शहरातल्या एका चौकात वीस फुटांचा चाकूच उभा केला आहे. चौकात शोभतो, रात्रीच्या पाळीवरून येणाऱ्या पोराच्या खिशात शोभत नाही. रस्त्यावर नाकाबंदी असली आणि खिशातून खटक्याचा सहा इंची चाकू निघाला, तर हा कांद्याची गोणी फोडायला आहे, हे हवालदारसाहेबांना पटवणे कठीण. आणि तोच मुलगा उद्या नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागायला जाणार असतो.

कायदा काय म्हणतो, तेही सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचे २०१६ चे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंना शस्त्रांत धरतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या आणि कमानीने उघडणाऱ्या चाकूंसाठी माप पुष्कळच खाली आणले : लांबी ७.६२ सेंटिमीटर, रुंदी १.७२ सेंटिमीटर, आणि त्याहून मोठा असेल तर अडचण. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे, ज्याला पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, सदतिसावे कलम आहे. सण, निवडणुका, तणाव अशा वेळी जिल्ह्यात किंवा शहरात जमावबंदीच्या जोडीने हत्यारे बाळगण्यावर बंदी घालता येते, आणि त्या यादीत चाकू नावानिशी आहे, लाठीही आहे. असा हुकूम लागू असेल त्या दिवसांत घडीचा चाकू घरी ठेवावा. तो लिंबासाठीच आहे, हा युक्तिवाद फाटकात करू नये. विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, सामानात टाकलेला चालतो. कारखान्याच्या फाटकावर तर विचारायलाच नको. पाळीला जाताना तो मोटारसायकलच्या कुलपाच्या पेटीत राहिलेला बरा.

एकंदरीत, अवजार दिसेल असा चाकू घ्यावा. मूठ लाल, पिवळी, नारिंगी; गवतात पडला तर सापडतोही. काळ्या मुठीचा, काळ्या पात्याचा चाकू संध्याकाळी कांद्याच्या वाफ्यात पडला की तो पुढच्या नांगरटीलाच भेटतो.

टोकाविषयी दोन शब्द. जहाजावरचे खलाशी जो घडीचा चाकू वापरतात त्याची धार सरळ आणि टोक बोथट, मेंढीच्या खुरासारखे असते. डुलत्या जहाजावर दोर कापताना तो कोणाच्या पोटात जाऊ नये म्हणून. गोठ्यासाठी मला हाच आकार आवडतो. धडपडणाऱ्या गाईच्या गळ्याचा फास कापायचा तर टोकदार चाकू म्हणजे दुसरे संकट. पाते दोरीच्या आत घालून, धार जनावरापासून बाहेर करून, स्वतःकडे न ओढता कापावे. त्या वेळी एक हात दोरीला गुंतलेला असतो, म्हणून अंगठ्याने एका हाती उघडणारा चाकू घ्यावा. पात्याला अंगठा अडकवायला बोंडी किंवा भोक असते. हा खटक्याचा चाकू नव्हे. त्यात कमान पाते बाहेर फेकत नाही, आपला अंगठाच उघडतो. करवती दात्यांचे पाते दोरीला झकास चालते, पण त्याला घरच्या दगडावर धार लागत नाही, सबब मी साधेच पाते घेईन. कलमे बांधणाऱ्यांनी मात्र त्यासाठी वेगळा कलमचाकू ठेवावा आणि त्याने दुसरे काही कापू नये. गोणी फोडलेल्या पात्याने लिंबाची साल फाटते. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जातो तो वेगळाच.

चाकू जवळ असला की करू नये असे एक काम आहे, आणि ते जिवाचे आहे. साप चावला की जखमेवर चिरा द्यायचा, रक्त काढायचे, चोखायचे, असे आपण जुन्या माणसांकडून ऐकत आलो. हे करू नये. चिरल्याने विष बाहेर येत नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि तो चिरा थांबता थांबत नाही. घट्ट दोरी बांधणेही तसेच घातक. माणसाला शांत निजवावे, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या, जोडवी, बांगड्या सूज चढण्यापूर्वी काढाव्यात आणि ज्या रुग्णालयात सर्पविषावरची लस असेल तिथे शक्य तितक्या लवकर न्यावे. चाकूचे काम असले तर घट्ट झालेला कपडा कापण्यापुरते.

गडावर आणखी एक मोह असतो, दगडावर नाव कोरण्याचा. शिवनेरीसारखा किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. तिथे भिंत विद्रूप करणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पात्याचे टोकही मोडते.

आता धार. मला विचाराल तर चाकू निवडण्यात अर्धा तास घालवावा आणि निसणा निवडण्यात एक तास. बोथट चाकू अधिक कापतो, हे स्वयंपाकघरातल्या बायकांना ठाऊक असते. जोर द्यावा लागतो, पाते सटकते, आणि सटकले की ते कुठे जाईल ते आपल्या हाती राहत नाही. अमेरिकेतल्या युटा प्रांतात २००३ च्या एप्रिलमध्ये आरॉन राल्स्टन नावाचा गिर्यारोहक एका अरुंद घळीत शिळेखाली हात अडकून पाच दिवस पडला होता, आणि शेवटी आपलाच हात कापून सुटला. त्याच्यावर पुढे सिनेमाही निघाला. त्याच्याजवळचे हत्यार स्वस्तातले, बोथट पात्याचे होते. दगडावर घासून घासून त्याची होती ती धारही गेली होती. अशी वेळ आपल्यावर येणार नाही. पण एरवी स्वस्त वाटलेला चाकू ऐन वेळी किती महाग पडतो ते कळायला एवढा दाखला पुरे.

कार्बोरंडमचा दोन अंगांचा दगड घ्यावा, एक अंग खरखरीत, एक मऊ. पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पात्याची पाठ किती उचलायची हा प्रश्न सर्वांना छळतो. त्याला एक सोपा हिशेब आहे : पात्याची रुंदी जेवढी असेल तिच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाएवढी पाठ दगडावरून उचलावी. म्हणजे धारेच्या एकेका अंगाला पंधरा ते वीस अंशांचा कोन पडतो. पाते अर्धा इंच रुंद असेल तर पाठीखाली साधारण तीन-चार मिलिमीटर मोकळे. एकदा कोन धरला की दगडावरचा पातळ पापुद्रा कापून काढतो आहोत अशा बेताने पाते पुढे सारावे, मुठीपासून टोकापर्यंत. एका अंगाने घासताना दुसऱ्या अंगाच्या काठावर तारेसारखी बारीक कड उठते. अंगठा धारेला आडवा, हलकेच फिरवला की लागते. ती पूर्ण लांबीभर उठली की अंग बदलावे, मग मऊ बाजू घ्यावी, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर पाते उलटे, धार मागे ठेवून, वीसेकदा ओढावे. टोमॅटोवर नुसते टेकवून ओढले आणि साल कापली, की झाले. अंगावरचे केस कापून धार पाहणारे शूर असतात. टोमॅटोवाले जपून असतात.

सायकलवरच्या चाकाने धार लावून घ्यायला हरकत नाही, पण घडीच्या चाकूचे पाते पातळ, आणि कोरड्या चाकाच्या ठिणग्यांनी ते तापते. कडेला निळसर झाक दिसली तर त्या जागेचे पाणी उतरले समजावे. पुढे तिथे धार राहत नाही. "हळू घ्या मामा, पाण्यात बुडवून घ्या," एवढे सांगावे. कसबी माणूस रागावत नाही.

बिजागरीच्या खिळ्याला तेल द्यायचे ते शिवणयंत्राचे, एक थेंब. खोबरेल घालू नये. थंडीत ते गोठते, आणि उन्हाळ्यात त्यावर धूळ बसून गोंद होतो. महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने मुठीतली माती आणि सुतळीचे तंतू काढून, कोरडे करून मग तेल. आणखी दुकानात पाहायचे ते असे : मिटलेल्या चाकूचे टोक मुठीच्या दोन भिंतींच्या मधोमध राहते का, उघडे पाते चिमटीत धरून डावीउजवीकडे हलते का, मिटलेला चाकू उलटा धरून झटकला तर पाते आपोआप बाहेर तर येत नाही ना. शेवटची परीक्षा चुकवू नये. खिशात उघडणारा चाकू ही गोष्ट ऐकायलादेखील बरी नव्हे.

खंडेनवमीला आपल्याकडे कोयता, विळा, खुरपे आणि कारखान्यातले यंत्रही एकाच हळदी-कुंकवाखाली येते. त्या पाटावर हा छोटा चाकू ठेवला तर शोभेल. आणि घरात दहाएक वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासण्याइतका चांगला पहिला धडा नाही. मुलाला खाली बसवावे, उभ्याने किंवा चालताना चाकू उघडू देऊ नये. हात लांब करून फिरवला तर जेवढे वर्तुळ होईल तेवढ्यात दुसरे कोणी नसावे. कामटी मांडीवर नव्हे, लाकडी फळीवर टेकवावी आणि पाते अंगापासून दूर सरकवावे. पहिले चार दिवस खिटी मोठ्या माणसाने सोडावी, कारण मुलाचे बोट ती सोडतानाच पात्याच्या वाटेत येते. दुसऱ्याच्या हाती देताना चाकू मिटून द्यावा; मिटता येत नसेल तर खाली ठेवावा आणि ज्याला हवा त्याने उचलावा.